अशक्ताला टोचू नये

वडीगोद्रीच्या पुढे, उसाच्या फडांना लागून मेंढपाळांची एक वस्ती आहे. तिथला राधाकिसन म्हणजे मेंढरांचा डॉक्टर, अर्थात त्याचा त्यानेच नेमलेला. लस आली की सुई त्याच्याच हाती. आधी कळपात हिंडून खंगलेली, खोकणारी मेंढरं बाजूला काढायची आणि ती सोडून बाकीच्यांना टोचायचं, ही त्याच्या बापापासूनची रीत. अशक्ताला लस सोसत नाही, हे त्याचं ब्रह्मवाक्य. मेंढरांपुरतं ते खरंही होतं. घोळ झाला तो माणसांनाही त्याने त्याच काठीने हाकलं तेव्हा.

त्याला आणि धाकट्या भावाला, कल्याणला, दोघांनाही शुगर. गेल्या वर्षी आरोग्य केंद्रातल्या दैवशाला सिस्टर वस्तीवर येऊन फ्लूची लस घ्या म्हणून सांगत होत्या. राधाकिसनने त्यांना हसूनच वाटेला लावलं.

"शुगरवाला माणूस म्हंजे खंगलेलं मेंढरू. लस धडधाकटाची, सिस्टर. कल्याण, तू बिलकुल घेऊ नको."

कल्याणने थोरल्याचा शब्द कधी मोडला नव्हता. थंडीत त्याला फ्लूचा ताप आला, शुगर भडकली, छाती भरली. जालन्याच्या दवाखान्यातून तो परत आला तो चादरीत गुंडाळूनच.

यंदा दिवाळी सरली आणि मेंढरं विचित्र वागू लागली. दिवस मावळताना राधाकिसन मेंढवाड्यात बसला की ती त्याच्याभोवती मोकळी जागा सोडून उभी राहायची. तो सरकला की ती जागाही त्याच्याबरोबर सरकायची. हाताने चारून वाढवलेलं कोकरूसुद्धा त्या जागेच्या कडेपाशी येऊन थबकायचं आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं. ओरडायचं मात्र नाही.

राधाकिसनने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, मेंढरं रुसलीत म्हणून?

एका संध्याकाळी कल्याणची बायको रेणुका वैरण टाकायला आली आणि कुंपणाशीच थांबली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "त्यांच्या येळीबी असंच झाल्तं. ताप यायच्या आधी. मेंढरं अशीच लांब सरकून राह्यली होती."

राधाकिसनला जगायचं होतं. इतकं जगायचं होतं की त्याचीच त्याला लाज वाटली.

सकाळी तो आरोग्य केंद्रात जाऊन बसला. दैवशाला सिस्टरने शुगर तपासली, ताप नाही ना बघितलं. सुई समोर आली तेव्हा त्याने विचारलंच.

"अशक्ताला सोसती का ही?"

"सोसते की. राधाकिसनमामा, तुम्ही उलटं धरून बसलात," सिस्टर म्हणाल्या. "धडधाकट माणूस फ्लू झेलून जातो. शुगर असली की अंगाला नीट झगडता येत न्हाई. तापानं शुगर चढते, शुगरनं ताप हटत न्हाई, मंग न्यूमोनिया. म्हणून तर तुम्हाला आधी. आन दर साली घ्यायची."

"माझा भाऊ वाचला असता?"

सिस्टरने दंडावर कापूस दाबला. "वाचलेच असते, असं छातीठोक न्हाई सांगता यायचं मामा. पण आजार इतका हाताबाहेर जायचं भेव कमी झालं असतं."

घरी आल्यावर त्याने रेणुकाला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, स्वतःला वाचवलंही नाही.

"मंग त्यांना का न्हाई म्हणलात?" तिने विचारलं.

"मला ठाऊक नव्हतं, रेणुका. पण बोललो असं, जसं काही मला समदं ठाऊक हाय."

ती रडेल, शिव्या घालेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिची नजर त्याला सोसवेना. मग तिने वस्तीकडे बोट केलं.

"वस्तीवर अजून शुगरवाले हायत, दादा. उषाबाई हाय, रामप्रसाद हाय. गेल्या साली तेबी तुम्हाला इचारायला आल्ते. त्यांना काय सांगितलं व्हतं?"

त्यांनाही राधाकिसनने तेच सांगितलं होतं, हसत हसत, भल्या मनाने.

उसाकडून गार वारा सुटला होता. त्या वाऱ्यावर वस्तीतल्या कुठल्यातरी घरातून खोकला ऐकू आला, एकदा, मग पुन्हा. घर कोणतं ते राधाकिसनला ओळखता येईना. तो उठला आणि पायात चपलाही न घालता पहिल्या दाराकडे धावत सुटला.