दुसऱ्या घरचं मोहाचं झाड

पन्नासच्या दशकात मूल गावाजवळच्या मिशनच्या शाळेत मी परदेशातून शिकवायला आले, तेव्हा विशीतच होते. चैत्रातल्या एका सकाळी वर्ग रिकामा दिसला. एकेकाचे कान पिळायचे ठरवून मी तणतणत जंगलात गेले. मुलं मोहफुलं वेचत होती. त्यांना पाहून माझा राग विरला आणि जवळच्याच झाडाखाली बसून मीही त्यांची एक रिकामी टोपली भरली.

पहिलीतली एक मुलगी धावत आली. "बाई, इथी काऊन वेचून राह्यल्या? हे झाड दुसऱ्या घरचं हाये."

तिथं कुंपण नसतं, पण प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. मुलांनी माझी फुलं पुन्हा त्याच झाडाखाली पसरली. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी मी 'चोरी करू नको' ही आज्ञा शिकवणार होते.