मोतीबिंदू पिकवणारे काका

आमच्या मोठ्या काकांचा मोतीबिंदू मुंबईला काढला आणि सातपाटी गावाला एक फुकटचा डॉक्टर मिळाला. जाड भिंगांचा चष्मा लावून ते ओट्यावर बसत आणि येईल त्याच्या पापण्या उचलून बघत. तोरा असा, की जणू स्वतःचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

त्या पावसाळ्यात आईच्या डाव्या डोळ्यासमोर ठिणग्या उडायला लागल्या. मग काळे ठिपके, आणि मग खालून वर चढत जाणारी सावली. मासे विकताना गिऱ्हाइकाचं अर्धं तोंडच दिसत नाही, असं म्हणायची. काकांनी तिची पापणी उचलली आणि हुंकार दिला.

"मोतीबिंदू हाय. कच्चा काडला तर डोला जाईल. पिकू दे."

बाबा दर्यातल्या वादळाला भीत नसत, पण थोरल्या भावापुढे त्यांची दातखीळ बसायची. झालं, आई डोळा पिकायची वाट बघत राहिली. मला अजून त्या दोघा भावांचा संताप येतो. नारळी पौर्णिमा गेली, दिवाळी गेली, आणि त्या डोळ्याला उजेडही कळेनासा झाला. काका खूश. आता पिकला म्हणाले.

पालघरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि लगेच मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मोतीबिंदू नाहीच, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. सावली दिसली तेव्हाच आला असतात तर बसवता आला असता. उजव्या डोळ्याचा पडदाही फाटायला लागला होता; तो अजून वाचण्यासारखा होता.

त्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. आई माझा हात घट्ट धरून सारखं एकच विचारायची, दिसेल ना?

काका भेटायला आले. लाजलज्जा कशाशी खातात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी थांबवलं म्हणून सगळं वेळेवर झालं, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत बसले.

पट्टी सुटली आणि आईला दिसलं. मी ढसाढसा रडले.

आम्ही घरी आल्यावर काका रोज चहाला यायचे. आई त्यांना पाट द्यायची, पण नेहमी आपल्या डाव्या हाताला. एकदा त्यांनी विचारलंच, मला रोज इथंच का बसवतेस?

आई चहा गाळत म्हणाली, "या बाजूचं मला कायच दिसत नाय, दादा."