केबिनच्या टपावरची थाप

आमची पिकअप जुनी आहे. मी घेतली तेव्हाच तिचा मूळ रंग कोणता, यावर दोन माणसांचं भांडण झालं असतं. पण इंजिन चांगलं होतं, आणि कोंढ्याहून पवनीच्या राईस मिलला धान न्यायला आता कुणाच्या गाडीची वाट बघायची गरज नव्हती.

आई केबिनमध्ये बसत नाही. डिझेलच्या वासाने तिला मळमळतं. ती मागे पोत्यांवर बसते, एक हात केबिनमागच्या लोखंडी पाइपला धरून. मला काही सांगायचं असलं की ती टपावर थाप मारते. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीच्या घंटीचा हा नियम तिनेच आमच्या गाडीला लावला.

गेल्या हंगामात मी मागच्या दोन्ही चाकांवर स्प्रिंगचा एकेक जास्तीचा पाटा टाकून घेतला. आमच्याकडे धान वाहणारे बहुतेक जण टाकतात. भरलेली गाडी मागून बसलेली दिसली की मिलच्या आवारात लोक हसतात. पाटा टाकल्यावर माझी गाडी पूर्ण भरूनही ताठ उभी राहिली. मी तिच्याभोवती दोन चकरा मारून तिला डोळे भरून पाहिलं.

थोड्याच दिवसांत ब्रेक कमी पडायला लागले. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावरून उतरताना पेडल दाबलं तरी गाडी आपल्या मर्जीने थांबायची. मी लायनर बदलले, ब्रेक ऑइल बदललं, एअर काढून घेतली. दोन मिस्त्री झाले. दोघांनीही गाडी रस्त्यावर पळवली, करकचून थांबवली आणि ब्रेक झकास असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी धान भरलं की पुन्हा तेच. या मिस्त्र्यांना काही कळत नाही, असं मी गावभर सांगत फिरलो.

आई एकदाच म्हणाली होती, "गाडी उताराले आयकत नाही रे."

मी उसळलो. "गाडी मी चालवतो का तू?"

तेव्हापासून पुलाच्या बरंच अलीकडे टपावर थाप पडायला लागली. मी चरफडत थांबायचो, मान बाहेर काढून विचारायचो, काय झालं? "काही नाही. पदर उडून राहिला होता." कधी पदर, कधी चप्पल. मग दोन थापा, आणि थांबलेली गाडी हळूहळू उतार उतरायची. या बाईच्या पदराने माझा वेळ खाल्ला, असं मी पुटपुटायचो.

एके दिवशी थाप पडली आणि मी थांबलोच नाही. उताराच्या पायथ्याशी शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. पेडल तळाला टेकलं, गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला. गाडी शेवटच्या शेळीपासून हातभर अंतरावर थांबली. मागे पोतं सरकून केबिनवर आदळलं, त्याबरोबर आईही. तिचं कोपर सोलवटलं होतं.

मिलला न जाता मी तशीच भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये पवनीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. मी तावातावाने सांगायला लागलो, तसा त्याने मला हाताने थांबवलं आणि आईकडे वळला.

"मावशी, तुमी सांगा. मागं तुमी बसता."

"रिकामी असली का आयकते," आई म्हणाली, "भरली का आयकत नाही."

तो लगेच गाडीखाली शिरला. मलाही वाकायला लावून त्याने मागच्या चाकांच्या धुरीपासून वर गेलेला एक बारीक दांडा दाखवला. "माल भरला का गाडी बसते, तवा हा दांडा वर जाते अन् मागच्या चाकाले जास्त ब्रेक भेटते. तुमी पाटा टाकून गाडीले बसूच देऊन नाही राहिले. तिले वाटते, आपून रिकामीच आहो."

आधीच्या मिस्त्र्यांची काय चूक? मिस्त्रीकडे कुणी धान भरून जात नाही. मी गाडी दोन्ही वेळा रिकामी नेली होती.

आम्ही पोती उतरवली. त्याने जास्तीचे पाटे काढले, गंजलेला दांडा मोकळा करून बसवला आणि यापुढे पोती कमी भरायला सांगितली. मी जन्मात पहिल्यांदा मिस्त्रीशी वाद घातला नाही. मूळ दुखणं सांगणारा माणूस भेटला, हे नशीब. त्यालाही ते आईनेच सांगितलं होतं.

उतरवलेल्या पोत्यांवर बसून मी तिला विचारलं, "पदर उडत होता म्हणे?"

"तुले सांगतलं का तू भडकते," ती कोपरावर फुंकर घालत म्हणाली. "म्हणून मीच थांबवत होती."

मला फार लाज वाटली. महिनाभर माझ्या गाडीला ब्रेक होता तो तिचा, आणि मी त्याच्यावर चिडत होतो.

पुढच्या खेपेला पूल जवळ आला तसे माझे कान टपाकडे लागले. थाप पडली नाही. मी पेडल दाबलं. गाडी मागून जरा बसली, सावकाश उतरली आणि पायथ्याशी मी म्हटलं तिथे थांबली. मी खाली उतरून मागे पाहिलं. आई पोत्याला गाल लावून झोपली होती. पदर या वेळी खरंच उडत होता. चाकावर पाय देऊन मी वर चढलो, पदर तिच्या हाताखाली खोचला आणि गाडी हळूच पुढे काढली.