जीपचा हॉर्न वाजेपर्यंत थांबा, म्हणाले होते मी

मैत्रिणींनो, भाजीचा खर्च कमी करायची युक्ती मागच्या आठवड्यात मीच इथं सांगितली होती. बाजारात उशिरा जायचं. गावाकडची शेवटची जीप हॉर्न वाजवायला लागली की भाजीवाल्या मिळेल त्या भावात देतात.

आज कमलनगरच्या बाजारात तेच केलं. संतपूरच्या एका म्हाताऱ्या मावशींकडं वांगी होती. त्या किलोला वीस म्हणाल्या, मी दहावर अडून बसले. दोनदा पुढं जाऊन परत आले. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि मावशींनी उरलेली सगळी वांगी माझ्या पिशवीत ओतली.

मी जिंकल्यासारखी दहाची नोट काढली, तर त्यांनी माझा हातच धरला.

“लई वढाताण दिसायलीय माय घरी. कामून सांगितली न्हाईस? राहू दे पैसे. लेकरांला करून घाल.”

वर मूठभर मिरच्याही टाकल्या.

“तसं काही नाही मावशी,” एवढंच म्हणायचं होतं. पण मग दहा रुपयांसाठी का अडले, ते सांगावं लागलं असतं. म्हणून मान खाली घातली आणि पिशवी घेतली. जीप निघून गेली.

पिशवी अजून ओट्यावर तशीच आहे. त्या पोस्टखाली तुम्ही कितीतरी जणींनी ‘भारी’ लिहिलं होतं. आज काय लिहाल?