जावयाचं कॉफी मशिन

"जरा वर येतोस का रे? पुन्हा रुसलंय."

रविवारी मी दाढीला बसलो की जिन्यातून वरच्या मजल्यावरच्या काकूंची ही हाक यायची आणि माझं डोकं फिरायचं. रुसलेलं असायचं ते कॉफीचं मशिन. अहो, नव्वदच्या सुमाराला नवीन पनवेलात कोणाच्या ओट्यावर होतं असलं काही? काकूंच्या होतं. त्यांच्या लेकीने इटलीत तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि त्या जावयाने सासूसाठी ते कोणाबरोबर तरी पाठवून दिलं.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरच्या दुरुस्तीवर. "तुझा मोठा, माझा छोटा. फरक काय त्यात?" असं म्हणून काकूंनी मला धरलं ते धरलंच. बोअरच्या पाण्याने आत थर जमायचा, तो लिंबाच्या सताने निघायचा. त्याचं काही नाही. माझा जीव घेतला तो दुधाने.

"काकू, टाकीत फक्त पाणी. दूध बाहेर भांड्यात, आणि त्यात या नळीची वाफ सोडायची." किती वेळा सांगावं माणसाने? "हो रे बाबा, कळलं," म्हणायच्या. पुढच्या रविवारी उघडून बघावं तर आत दूध करपून चिकटलेलं आणि बारीक नळी जायफळाने बंद!

"अहो, पुन्हा दूध?"

"मग जावयाला पाण्याची कॉफी देऊ? शोभतं का ते?"

"पण जावई आहे कुठे इथे?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत काका पेपर वाचत होते. लग्न झाल्यापासून त्यांनी लेकीचं नाव टाकलं होतं. ते बोलावत नाहीत तोवर तीही येणार नव्हती.

"एकदा हे 'ये' म्हणू देत," काकू हळूच म्हणाल्या. "तोवर माझा हात बसायला हवा ना."

म्हणजे न येणाऱ्या जावयासाठी यांचा सराव, आणि दर रविवारी खरवडत बसायचं मी! तुम्हीच सांगा, चिडू नको तर काय करू? काकांनाही मी एकदा म्हटलं, "बोलवा की हो लेकीला." त्यांनी पेपरचं पान उलटलं.

पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या.

तेरावं उरकलं तसे एका सकाळी काका माझ्या दारात उभे. हातात मशिन.

"एवढं चालू करून दे. जावई येतोय."

जावई! त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काकू असताना एकदा बोलला असता, तर काय झिजला असता हा माणूस? संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी त्यांच्या हातातून मशिन घेतलं. आत या म्हणालो नाही.