नागीण, टेप आणि लोणच्याची बरणी

चहा आधी खाली ठेवा. ऐकताना हसाल, आणि तो माझ्या चादरीवर सांडेल. आता माझ्या मूर्खपणाला सुरुवात कुठून करू? फळ्यापासूनच करतो.

मी नेरूळला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो आणि घणसोली गावात भाड्यानं राहतो. त्या मंगळवारी बारावीच्या पोरांना विषाणू शिकवत होतो. "विषाणू म्हणजे काय? बाहेर प्रोटीनचं कवच, आत जनुकांची चिठ्ठी. बस. ना तोंड, ना पोट. स्वतःच्या जिवावर त्याला काही करता येत नाही. तो आपल्या पेशीत घुसतो, तिच्याकडून स्वतःच्याच हजारो प्रती काढून घेतो, आणि तिचा निकाल लावून पुढच्या पेशीत." हे सांगताना माझ्या उजव्या बरगडीखाली नुसती आग होत होती. मला वाटलं, सकाळची मिसळ.

घरी येऊन शर्ट काढला, तर कमरेवर लाल पट्टा आणि त्यावर पाण्याचे फोड. माझी बायको सुलभा भाचीच्या लग्नाला चिपळूणला गेलेली. दारात घरमालकीण पारूकाकी उभी. जन्म इथलाच, बोलणंही इथलंच.

"मास्तर, ही नागीन हाय."

"काकी, हा विषाणू आहे. लहानपणी कांजिण्या झाल्या ना मला, तोच. माणूस बरा झाला तरी तो जात नाही, नसेच्या मुळाशी दडून बसतो. अंगातली ताकद कमी झाली की जागा होतो."

"मंग मी काय बोलतंय? दडून बसते तीच नागीन. तिचा तोंड न शेपूट जुलला का मानूस खलास. गेरू लावा, नायतर डाक्टरकडं तरी जा."

मी हसलो. चांगला पोट धरून हसलो. विज्ञानाचा माणूस ना मी. काकी मान हलवत गेली.

मग मी दार लावून पहिलं काय केलं असेल? सुलभाच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली.

म्हणजे विश्वास नव्हता हो माझा. पण बघायला काय हरकत आहे? नागिणीचं एक टोक बेंबीजवळ, दुसरं पाठीच्या कण्याजवळ. माझी कंबर अडतीस इंच, नागीण सतरा. म्हणजे आयुष्य राहिलं एकवीस इंच. दोन्ही टोकांना मार्करनं खुणा केल्या. तासाभरानं परत मोजलं. साडेवीस. मला दरदरून घाम फुटला. भीतीनं पोट आत गेलं होतं, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येतं?

बुधवारी सारखी टेप काढा-लावायला नको म्हणून मी एक शक्कल लढवली. फोडांना धक्का नको, म्हणून टेप डाव्या, चांगल्या बाजूनं फिरवली, तिची टोकं खुणांवर चिकटपट्टीनं चिकटवली, वरून बनियन, वरून पट्टा घट्ट आवळला आणि क्लासला गेलो. दर लेक्चरनंतर बाथरूममध्ये जाऊन बघायचं. पोरांना वाटलं, सरांना शुगर झाली.

संध्याकाळी घरी येऊन टेप काढली, आरशात पाहिलं. डाव्या बाजूलाही लाल रेघ. बेंबीपासून थेट कण्यापर्यंत. नागीण जुळली होती.

खोटं कशाला बोलू, मला मरणाची भीती वाटली. पलंगावर बसून रडलो. असं मनात पाप ठेवून जायचं नाही म्हणून सुलभाला फोन लावला.

"सुलभा, माझ्याकडे वेळ कमी आहे."

"माझ्याकडेही. इथं हळद चाललीय, पटकन बोला."

"तुझ्या आईनं दिलेली लोणच्याची बरणी मांजरानं नाही फोडली. मी फोडली. मला माफ कर."

पलीकडून नुसती सनई ऐकू येत होती. आणि अलीकडे दारात पारूकाकी, हातात गेरूची वाटी. ते मांजर तिचं होतं. मनी. दोन वर्षं सुलभानं उठता-बसता तिचा उद्धार केला, म्हणून काकीनं लेकीसारखी वाढवलेली मनी सारसोळ्याला बहिणीकडे पाठवून दिली होती.

काकीनं वाटी खाली ठेवली, माझा दंड धरला आणि मला रिक्षात कोंबलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तरुण. काकीनं ओळख करून दिली, "मास्तर हायेत. ह्याच रोगाचा शिकवतान पोरांना."

मी डोळे मिटून बनियन वर केलं. "डॉक्टर, जुळली."

त्या वाकल्या, चष्मा सावरला, पुन्हा वाकल्या. "सर, डावीकडच्या नागिणीवर आकडे आहेत. उलटे. अकरा, बारा, तेरा."

दिवसभर आवळलेली टेप काचली होती आणि घामानं तिची शाई अंगावर उतरली होती.

"उजवीकडची खरी आहे," त्या म्हणाल्या. "ती एका नसेतून येते, म्हणून एकाच बाजूला राहते. आणि समजा पलीकडे गेली, तरी जुळल्यामुळे कुणी मरत नाही. पण गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू करायच्या असतात. तुम्ही कालपासून काय करत होतात?"

मी बनियन खाली ओढलं. काकीनंच सांगितलं, "मोजीत होते."

फोड पंधरा दिवसांत सुकले. मनी सारसोळ्याहून परत आली आणि आता माझ्याच उशीवर झोपते, काकीचा तसा हुकूमच आहे. सुलभा चिपळूणहून आली ती बरणीबद्दल चकार शब्द बोलली नाही. आठवडा गेला, महिना गेला. मला वाटलं, मिटलं. विषाणू शिकवणारा माणूस मी, गप्प बसलं म्हणजे गेलं असं नसतं, हे मला तरी कळायला हवं होतं.

परवा जरा ताप आला. अंगात उठायची ताकद नव्हती. सुलभाकडे पेज मागितली. तिनं वाटी हातात दिली, शेजारी बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सोबत लोणचं दिलं असतं हो. पण बरणी कुठंय?"