पौर्णिमेनंतरची चतुर्थी

छावणीत आमच्या समोर राहणारे हे गृहस्थ सणाच्या प्रत्येक बैठकीला येतात, आणि प्रत्येक बैठकीला त्यांची संकष्टी चतुर्थी असते. त्यांनी दारू सोडली आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. पण 'सोडली' म्हटलं की लोक 'अरे, एक तो चलेगा' म्हणत मागे लागतात, आणि उपास म्हटलं की गप्प बसतात. उपासापायी मटणही जातं, आणि ते तर त्यांच्या जिवाभावाचं. वाटी शेजारून गेली की ते पंख्याकडे बघतात. माझी बायको तिथी न बघता त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करते.

यंदा धुळवडीला माझ्या मेहुण्यानं टोकलंच, "भाईसाहेब, पूनम तर काल झाली. आज चतुर्थी कुठून आली?"

"आमच्याकडे लवकर येते," ते म्हणाले.

मग मेहुणा माझ्या नव्या जावयाकडे वळला. जावई नाही-नाही म्हणत होता, तरी ग्लास त्याच्या हातात आलाच. समोरच्या गृहस्थांनी तो ग्लास काढून खाली ठेवला आणि आपली खिचडीची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"यांची पण आहे," म्हणाले.

मटण आलं तेव्हा दोघंही पंख्याकडे बघत होते.